बीजशब्दांना चाल लागली

दांडवाडीत मोबाईलला रेंज एकाच जागी मिळते, आणि त्या जागी मंजुळाबाईंची म्हैस बांधलेली असते. विकेंद्रित व्यवहारांवर संशोधन करायला निघालेल्या बाईला अख्ख्या वाडीचं केंद्र सापडावं ते एका गोठ्यात, इथेच अनुपमाने काय ते ओळखायला हवं होतं. पण पीएच.डी. करणाऱ्या माणसाला अपशकुन कळत नाहीत. त्याला फक्त मुदत कळते.

तिची मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. या उन्हाळ्यात दांडवाडीचा प्रयोग नीट पार पडला तर प्रबंध होणार, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. संशोधन पाण्यावरच असल्यामुळे हा विनोद तिच्या कॉलेजातल्या प्रत्येकाने एकेकदा करून घेतला होता, आणि प्रत्येक वेळी तिला हसावं लागलं होतं.

अनुपमा महाडची. घर चवदार तळ्यामागच्या आळीत. त्या तळ्याकाठी वाढलेल्या मुलीला पाणी कोण देतं आणि कोण अडवतं हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून तिच्या बरोबरीचे लोक ब्लॉकचेनवर आभासी नाण्यांचे सट्टे आणि खेळ बनवत होते, तेव्हा हिने ठरवलं की आपण असं ॲप करायचं ज्यात पाणी अडवायला मधे माणूसच उरणार नाही. नोंद सगळ्यांकडे सारखी, एकदा झाली की कुणालाच पुसता न येणारी. ना सरपंचाला, ना पाणीवाल्याला, ना खुद्द अनुपमाला.

दांडवाडी तिला पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला सापडली. वीसेक घरं. पावसाळ्यात डोंगर अंगावर येईल म्हणून झोप नाही. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून तर पाऊस जरा धरला की म्हातारी माणसं उंबऱ्यावर बसून वरच्या उताराकडे बघत राहतात. आणि उन्हाळ्यात घशाला कोरड. एक झरा, त्याखाली एक टाकी, टाकीला एक व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हची चावी भिकाजींच्या कनवटीला. भिकाजींचं ज्याच्याशी पटे त्याचा हंडा भरे, ज्याच्याशी बिनसे त्याच्या नळाला नुसती हवा येई. तिकडे महाडजवळ सव गावात जमिनीतून फुकटचं ऊन पाणी उसळतंय आणि इथे गार पाण्याच्या हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या, हे वाडीचं नेहमीचं दुखणं होतं.

अनुपमाने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. प्रत्येक घराला दर आठवड्याला फोनवर ठरावीक ‘थेंब’ मिळायचे. एक थेंब म्हणजे एक हंडा. पाहुणे आले तर शेजारणीकडून थेंब मागून घ्यायचे, तिने आपल्या फोनवरून द्यायचे, आणि ॲपमधल्या यादीत ते सगळ्यांना दिसायचं. भिकाजींनी त्या यादीबरहुकूम चावी फिरवायची. थेंब म्हणजे एका अर्थी वाडीचं स्वतःचं नाणंच होतं. बाजारात त्याला कवडीची किंमत नव्हती आणि एप्रिल-मेमध्ये वाडीत त्याहून मोलाचं काही नव्हतं.

खरी गोम होती ती किल्लीत. अशा व्यवस्थेत प्रत्येकाची किल्ली म्हणजे बारा शब्द असतात, ठरलेल्या क्रमाने. ते ज्याला ठाऊक तो त्या घराच्या थेंबांचा मालक; कुठल्याही फोनवर टाकले की त्या घराचं खातं उघडलं. जगभर हे शब्द इंग्रजीतून देतात. दांडवाडीतल्या बायकांना ते कुठून लक्षात राहणार? म्हणून अनुपमाने मराठी शब्दांची यादी स्वतः तयार केली. दोन हजारांवर शब्द, सगळे घरातले, रानातले, सोपे. चूल, मोर, ताक, पायरी. वर्ष गेलं त्यात. मुंबईच्या विद्यापीठातले तिचे मार्गदर्शक सर सहसा कुणाचं कौतुक करणारे नव्हते, पण त्या प्रकरणावर त्यांनी लिहिलं होतं, ‘हे नवीन आहे.’ तेवढ्या तीन शब्दांवर ती पुढची दोन वर्षं जगली.

त्या शब्दांना तिने नाव दिलं बीजशब्द. फेब्रुवारीत देवळापुढच्या अंगणात सगळ्या बायकांना बसवून तिने प्रत्येकीच्या फोनवर तिचे तिचे बारा शब्द दाखवले आणि बजावलं की हे पाठ करा, कुठे लिहू नका आणि कुणाला सांगू नका. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवाला गाऱ्हाणं घालतानासुद्धा नाही. नवऱ्याच्या नावावर बायका खो-खो हसल्या. मंजुळाबाई म्हणाल्या की बी जर आहे तर ते पेरायला नको काय, दडवून ठेवलेलं बी कुजतं. पुन्हा हशा. मंजुळाबाई म्हणजे वाडीतली गळ्याची बाई. गौरीचा फेर असो नाहीतर कुणाची हळद, पहिली ओळ त्यांची. त्यांनी तोंड उघडलं की बाकीच्यांनी झेलायचं, हा रिवाज.

मागच्या रांगेतून फक्त एका म्हातारीने नीट प्रश्न विचारला. जानकीबाई, वाडीच्या शेवटच्या घरातल्या. एकट्या, मुलगा भांडुपला. त्यांनी विचारलं की हे गुरुमंत्रासारखं का, जो कानात घेतला तो तोंडाबाहेर काढायचा नसतो. अनुपमाला त्या म्हातारीला मिठी मारावीशी वाटली. ती म्हणाली, अगदी तसंच.

मार्च गेला, एप्रिल गेला. प्रयोग असा छान चालला की अनुपमाला स्वतःचीच दृष्ट लागेल अशी भीती वाटू लागली. भिकाजी कुरकुरत का होईना यादी बघून चावी फिरवत. मेमध्ये मंजुळाबाईंच्या मुलाचं, ऋत्विकचं, लग्न निघालं. मुंबईकर आले, मांडव पडला. आणि हळदीच्या दिवशी संध्याकाळी महाडमध्ये चहाचा कप हातात घेऊन अनुपमाने सहज लॅपटॉप उघडला, तर जवळजवळ अख्ख्या वाडीचे थेंब एका घराच्या खात्यात जाऊन पडले होते.

मंजुळाबाईंच्या घरात. सगळे एकाच सकाळी, एकामागून एक, एकाच फोनवरून. पहिल्यांदा तिला वाटलं ॲपमध्येच घोटाळा आहे. मग वाटलं बाहेरच्या कुणी घुसखोरी केली. रात्रभर तिने कोड उपसला. त्यात काही सापडेना. उरला एकच अर्थ: कुणाकडे तरी जवळजवळ सगळ्या वाडीचे बीजशब्द होते, आणि तो माणूस वाडीतलाच होता.

सकाळी स्कूटर काढून ती निघाली. हायवेला घाटात चढणाऱ्या ट्रकांच्या मागे धूर खात, मनातल्या मनात मंजुळाबाईंना बोल बोल बोलत. इतकं केलं यांच्यासाठी, आणि शेवटी सोन्यासारख्या व्यवस्थेतली पहिली चोरी लग्नघराने करावी. डांबरी संपली तिथे गाडी लावून ती चढण चढू लागली. तिला वरून मांडवातल्या बायकांचं गाणं ऐकू आलं.

‘चुलीवर मोर गो, मोराला ताक गो, ताकाच्या पायरीला सूप वाजे गो.’

अनुपमा जागच्या जागी थांबली. चूल, मोर, ताक, पायरी, सूप. हे शब्द तिने निवडले होते. एकेका शब्दावर तिने अख्ख्या संध्याकाळी घालवल्या होत्या. जगाच्या पाठीवर कुठल्याही आईने, आजीने मोराला ताक पाजलं नव्हतं. हे गाणं तिच्या शब्दांच्या यादीशिवाय दुसरं काही असूच शकत नव्हतं. पुढचं कडवं दुसऱ्या घराचं होतं, त्यापुढचं तिसऱ्या. अख्खी वाडी आपल्या किल्ल्या ठेक्यावर, टाळ्या देत, खाली पोलादपूरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गात होती.

मंजुळाबाईंनी तिला बघितल्यावर हात ओढून मांडवात बसवलं, गालाला हळद लावली आणि वर अभिमानाने सांगितलं ते असं. बारा शब्द नुसते पाठ होईनात. आज आठवले तर उद्या विसरायचे. मग त्यांनी प्रत्येकीच्या शब्दांना चाल लावून दिली. इंग्रजी असते तर मेली चाल बसली नसती, पण म्याडमनी शब्दच असे घरचे दिले की आपोआप गाणं झालं. एकीचं ऐकून दुसरीला यायला लागलं, आता पोरींनासुद्धा येतात. ऋत्विकच्या एका मित्राने तर व्हिडिओ करून टाकलासुद्धा, खूप लोकांनी बघितला.

अनुपमाने डोळे मिटून घेतले. तिचं वर्षभराचं काम, ‘हे नवीन आहे’ म्हणून सरांनी वाखाणलेलं, तेच फितूर निघालं होतं. इंग्रजी शब्द असते तर ते कुणाच्या लक्षात राहिले नसते आणि कुणी गायले नसते. आपल्या भाषेत आणलं, आपल्या माणसांना पोचावं म्हणून आणलं, आणि ते इतकं पोचलं की पार निकालात निघालं. रडू यावं की राग यावा तेही तिला ठरवता येईना.

तिने थेंबांचं विचारलं. मंजुळाबाईंना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. हळदीला माणसं येणार, टाकीतलं पाणी सगळं लागणार, म्हणून बायका म्हणाल्या माझे घे, माझे घे. आता एकेकीने फोन घेऊन म्हशीपाशी रांग कशाला लावायची? मंजुळाबाईंना सगळ्यांची गाणी येतच होती. त्या एकट्याच गोठ्यात उभ्या राहिल्या आणि एकेक गाणं म्हणत सगळ्यांचे थेंब घेऊन मोकळ्या झाल्या.

“चोरी कसली गो? सगल्यांनी खुशीनं दिलं,” त्या म्हणाल्या. “एक जानकी सोडली तर.”

“जानकीमावशींनी दिले नाहीत?”

“शब्दच सांगीना. दातखीळ बसल्यावानी. म्हने गुरुमंतर हाय.”

अनुपमाच्या जिवात जीव आला. ती उठून तडक गोठ्यात गेली, म्हशीला बाजूला सारून तिने सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी सांगितलं की किल्ल्या फुटल्या म्हणजे त्या घरांची माहिती कचऱ्यात गेली, तिच्यावर प्रबंध उभा राहत नाही. पण एक किल्ली शाबूत आहे ना? मग वाट आहे. सगळे घसरले तिथे एक वापरणारी का घसरली नाही, यावरच शेवटचं प्रकरण लिहायचं. त्या बाईंची मुलाखत घे, उन्हाळाभर त्यांची नोंद ठेव. फोन ठेवताना ते म्हणाले, “ती एक किल्ली सांभाळ. बाकी काही नसलं तरी चालेल.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच. अनुपमा वाडीच्या शेवटच्या घराकडे जवळजवळ पळतच गेली. जाताना तिने मुलाखतीचे प्रश्नसुद्धा मनात तयार केले.

जानकीबाई ओटीवर बसल्या होत्या, मांडवाकडे पाठ करून. हळद लागलेली नव्हती. अनुपमाने त्यांच्या पाया पडून सांगितलं की मावशी, सगळ्या वाडीत तुम्ही एकट्याच खऱ्या. म्हातारीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की अनुपमाने मुलाखतीचे प्रश्न बाजूला ठेवले. मग हळूहळू जे कळलं ते मंजुळाबाईंनी सांगितलं नव्हतं.

काल हळदीला स्पीकर होता. गावाकडच्या लग्नात आहेर पुकारतात, अमक्याकडून भांडं, तमक्याकडून साडी. सुशांतला, म्हणजे नवऱ्यामुलाच्या मुंबईच्या मामाला, कुणीतरी ॲपमधली यादी दाखवली. त्याला ती आहेराचीच यादी वाटली. त्याने माईक घेऊन खणखणीत आवाजात घराघराचं नाव घेऊन थेंब पुकारले. लोकांनी टाळ्या दिल्या. शेवटी म्हणाला, “जानकीबाई, शेवटचं घर, निरंक.” कुणीतरी हसलं. मुंबईहून आलेली माणसं माना वळवून बघायला लागली की ही कोण, लग्नाला एक हंडा पाणी न देणारी.

आणि पाणी तर जानकीबाईंनी दिलं होतं. त्या दिवशी पहाटे स्वतःच्या वाटणीचा हंडा स्वतःच्या डोक्यावरून नेऊन त्यांनी मंजुळाबाईंच्या पिंपात ओतला होता, त्या वयात, त्या चढावरून. शब्द सांगायचे नाहीत तर निदान पाणी तरी पोचवावं म्हणून. पण ॲपला हंडा दिसत नाही. त्याला फक्त थेंब दिसतात.

अनुपमाचा संताप उसळला. मंजुळाबाईंना ठाऊक होतं ना, मग त्या उठून बोलल्या का नाहीत? जानकीबाई म्हणाल्या, ती तरी काय करणार, अंगभर हळद, भोवती माणसं. शिवाय माईकवरून गेलेलं नाव परत कसं घेणार.

मग त्यांनी आपला फोन काढून अनुपमापुढे धरला. यादी उघडीच होती. “तू म्हनलीस कुनाला सांगू नको. मी नाय सांगितलं. अख्ख्या वाडीत तुझं आयकनारी मी एकटी, आनि नाव गेलं ते पन माझं एकटीचंच,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकवेना. “तेवढं पुस गो बाय.”

पुसता येत नाही. हे वाक्य अनुपमाने किती परिषदांमध्ये किती तोऱ्यात म्हटलं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून, खाली रेघ ओढून. कुणालाच पुसता येत नाही, मलासुद्धा नाही, हीच तर याची ताकद. आता तेच वाक्य तिला एका म्हातारीच्या ओटीवर, मान खाली घालून म्हणावं लागलं. जानकीबाईंना पटेना. बनवलं तू, मग तुला कसं पुसता येत नाही? दर्ज केलं ते तलाठीसुद्धा दुरुस्त करतो. अनुपमाने समजावलं की जुनं पुसता येत नाही, पण खाली नवं लिहिता येतं. मावशींनी आज आपले थेंब दिले तर आजच्या तारखेला तशी नोंद होईल.

“आजची तारीक पडंल?”

“हो.”

“म्हंजे काल नाय दिलं, लाजंनं आज दिलं, आसं दिसंल.”

आपण माणूस मधून काढून टाकला याचा अनुपमाला केवढा अभिमान होता. पण हिशोब पूर्वीसारखा भिकाजींकडे असता तर, ते कितीही खडूस असले तरी त्यांनी तो हंडा बघितला असता. निदान त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. या यादीशी भांडायचं कसं? तिला कान नाहीत, लाज नाही, आणि ती अनुपमानेच जन्माला घातली होती.

जानकीबाई उठल्या. पदर खोचला, पायात वहाणा सरकवल्या आणि मांडवाची वाट धरली. अनुपमा मागोमाग गेली. मांडवात बायका पापड तळत, गात बसल्या होत्या. जानकीबाईंना बघून गाणं थांबलं. मंजुळाबाई चटकन उठल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण म्हातारीने त्यांना बोलू दिलं नाही.

“माज्या पन शब्दांना चाल लाव,” ती म्हणाली.

अनुपमाला कळलं काय होणार आहे ते. ती दोन पावलं पुढे झाली. ती एक किल्ली सांभाळ, सर म्हणाले होते. बाकी काही नसलं तरी चालेल. नुसतं ‘मावशी, नको’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. या बाईने तिचा शब्द एकदा पाळला होता, पुन्हाही पाळला असता. घरी गेली असती, ओटीवर मांडवाकडे पाठ करून बसली असती, उन्हाळाभर. आणि अनुपमाचं शेवटचं प्रकरण पूर्ण झालं असतं. तिने ओठ उघडले, आणि मिटले.

जानकीबाईंनी डोळे मिटून, हात जोडून, एकेक शब्द सावकाश उच्चारला. कुठे अडखळल्या नाहीत. सगळ्या वाडीत एवढे चोख पाठ कुणाचेच नव्हते. शेवटचा शब्द सांगून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि त्या अंग चोरून मंजुळाबाईंशेजारी बसल्या. मंजुळाबाईंनी ताटलीतली हळद घेऊन त्यांच्या दोन्ही गालांना लावली. मग घसा साफ केला, मांडीवर ठेका धरला आणि पहिली ओळ जुळवून बघितली. बसेना. दुसऱ्या चालीत बसली. बायकांनी झेलली.

कुणाच्या लक्षातही आलं नाही की म्याडम निघाल्या. अनुपमा उतार उतरू लागली. सरांना काय सांगायचं, कॉलेजात काय तोंड दाखवायचं, पुढच्या वर्षी काय करायचं, डोक्यात नुसता भुगा झाला होता. दगडावरून पाय घसरला तेव्हा तिने मोठ्याने एक शिवी हासडली, ती नक्की कुणाला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गाणं मात्र पाठ सोडत नव्हतं. वरच्या बायका तेच कडवं पुन्हा पुन्हा घोळवून पक्कं करत होत्या, आणि टाळ्यांमधून एक थरथरता, जरा बेसूर आवाज वेगळा ऐकू येत होता. स्कूटरला किल्ली लावेपर्यंत जानकीबाईंचे बाराही शब्द अनुपमाला पाठ झाले होते.